एकाच वारेची दोन लेकरे

एखाद्या जुन्या धर्मग्रामात नव्याने नेमणूक झाली की धर्मगुरू पहिल्या काही दिवसांत एक काम हमखास करतो. तो कपाटातील जुन्या नोंदवह्या काढून चाळू लागतो. स्नानसंस्कार, लग्न आणि दफन या तीन वह्यांत त्या गावाचा सारा इतिहास साठविलेला असतो. माझ्या सेवेच्या आरंभीच्या वर्षांत मीही असाच एका चर्चच्या वह्या वाचीत बसे. स्नानसंस्काराच्या वहीत कोठे कोठे एकाच तारखेला, एकाच आईबापांच्या नावापुढे दोन लेकरांची नावे दिसत. समासात ‘जुळी’ एवढाच शेरा असे. काही नावांपुढे ‘घरी, सुइणीच्या हस्ते’ असेही लिहिलेले असे. याचा अर्थ, बाळ धर्मगुरू येईपर्यंत जगेल याची खात्री नव्हती. अशा वेळी मी नकळत दफनाची वही उघडीत असे. त्या दोहोंपैकी एक नाव पुष्कळदा दोन-चार दिवसांच्या अंतराने तेथे सापडे. कधी दोन्ही सापडत. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात ‘अशक्तपणा’ एवढा एकच शब्द असे.

त्या एका शब्दामागे काय दडले होते, हे कळायला मला एक घर पाहावे लागले. वीस-बावीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आजऱ्याकडच्या एका कुटुंबातील तरुण सून कोल्हापूर शहरातील एका रुग्णालयात सातव्या महिन्यातच बाळंत झाली. जुळे मुलगे झाले. निरोप येताच मी स्नानसंस्कारासाठी धावत गेलो. काचेच्या पेट्यांत दोन जीव पहुडले होते. एक तांबडालाल, अंगाने भरलेला. दुसरा पांढुरका, काटकुळा. एकाच आईचे, एकाच घटकेला जन्मलेले हे भाऊ इतके वेगळे कसे, हे मला उमगेना. बाहेर बाकावर बसलेल्या आजीला मात्र ते उमगले होते. “मोठ्यानं बारक्याचं पोटातच खाल्लं बघा, फादर,” ती म्हणाली. आम्हां सर्वांनाच वाटले की तो बारका काही वाचत नाही. दुसऱ्या दिवशी गेला तो मोठा. बारका वाचला.

आजीचा हिशेब चुकला, पण दोष कोणाच्या तरी पदरी घालणे भाग होते. तो सुनेच्या पदरी पडला. पाचव्या महिन्यात तिने जोडकेळे खाल्ले होते म्हणे. आठवड्याने मी घरी भेटायला गेलो, तेव्हा ती पोर भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिने एवढेच विचारले, “फादर, माझं काय चुकलं?” मी सांत्वनाचे चार शब्द बोललो, प्रार्थना केली आणि परतलो. तिच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी दिले नव्हते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो. पण हे कोणी शिकविले नव्हते. पुढे डॉक्टर मित्रांना विचारून, मिळेल ते वाचून जे कळले, ते या लेखात वाचकांपुढे ठेवीत आहे. तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास माणसाला सुमारे दोन हजार वर्षे लागली.

वार म्हणजे काय?

बाळंतपणानंतर बाळाच्या मागोमाग जी पडते ती वार, हे आपल्याकडे प्रत्येक बाईला ठाऊक असते. खेड्यात ती पुरण्याची रीत होती. या वारेतून आईच्या रक्तातील अन्न आणि प्राणवायू बाळाला मिळतात व बाळाच्या शरीरातील टाकाऊ द्रव्ये आईकडे जातात. बाळ आणि वार यांना जोडते ती नाळ.

जुळी दोन प्रकारची असतात. दोन वेगवेगळ्या स्त्रीबीजांपासून होणारी जुळी ही एरवीच्या भावंडांसारखीच असतात. फक्त एका वेळी गर्भात असतात, एवढेच. त्यांच्या वारा दोन असतात. दुसरा प्रकार हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्यांचा. यांत एकच फलित बीज पुढे दुभंगून दोन गर्भ तयार होतात. हजार बाळंतपणांमागे तीन ते चार इतके या जुळ्यांचे प्रमाण जगात जवळजवळ सर्वत्र सारखेच आढळते. म्हणजे घराणे, जात, आहार, देश यांच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. जोडकेळ्याशी तर मुळीच नाही.

बीज कधी दुभंगते यावर पुढचे सारे अवलंबून असते, असे शास्त्रज्ञ मानतात. पहिल्या तीन दिवसांत ते दुभंगले तर प्रत्येक गर्भाला आपली स्वतंत्र वार मिळते. चौथ्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान दुभंगले तर पिशव्या दोन, पण वार एकच, असे घडते. हुबेहूब जुळ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश किंवा त्याहून थोडी अधिक जुळी अशी एकाच वारेवर वाढतात. त्याहून उशीर झाला तर पिशवीही एकच राहते. अशी जुळी थोडी असतात आणि त्यांच्या नाळा एकमेकींत गुंतण्याचे भय असते. दोन आठवडे उलटल्यावर दुभंगण्याची क्रिया पुरी होऊ शकत नाही आणि शरीरे जोडलेलीच राहतात.

एकच वार असली की तिच्या पृष्ठभागावर दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या पसरलेल्या असतात आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्या कोठे ना कोठे एकमेकींना मिळतात. दोन शेतकऱ्यांचे पाट एकाच बांधाखालून एकमेकांत उतरावेत, तसे हे असते. पाट दोन्ही बाजूंनी वाहत असतील आणि पातळी सारखी राहत असेल, तर तक्रार उद्भवत नाही. बहुतेक जुळ्यांचे असेच होते. ती सुखरूप जन्मतात आणि हे पाट होते हे कोणाच्या गावीही नसते. परंतु काही वारांत एका बाळाच्या धमनीतून आलेले रक्त दुसऱ्याच्या नीलेत उतरते आणि परतण्याला वाट पुरेशी नसते. तेव्हा रक्त एकाच दिशेने वाहत राहते. एकाच वारेच्या जुळ्यांपैकी शंभरात सुमारे दहा ते पंधरा जोड्यांच्या वाट्याला हे येते. बहुधा चौथ्या महिन्यापासून सहाव्या महिन्याच्या अखेरीपर्यंत ते प्रकट होते.

ज्याचे रक्त जाते ते बाळ रोडावते. त्याला लघवी होत नाही, म्हणून त्याच्याभोवतीचे गर्भजल आटते आणि पिशवीचा पापुद्रा त्याच्या अंगाला घट्ट चिकटतो. ज्याला रक्त मिळते त्याचे काय? येथेच आजीबाईंचा हिशेब चुकतो. त्याच्या अंगात रक्ताचा भार वाढतो. तो बाहेर टाकण्यासाठी त्याला सारखी लघवी होते, गर्भजल अतोनात वाढते, आईचे पोट थोड्या दिवसांत तट्ट फुगते आणि बाळंतपण वेळेआधी सुरू होते. शेवटी त्या बाळाचे चिमुकले हृदय भार सोसता सोसता थकते. म्हणजे जो ‘खाणारा’ म्हणून दिसतो, तोही मरणाच्या दारात उभा असतो. त्याने काही हिसकावलेले नसते. त्याला नको असताना ते त्याच्या अंगात येऊन पडत असते.

पूर्वजांनी काय पाहिले?

जुळ्यांमधील विषमता माणसाच्या नजरेतून कधीच सुटली नव्हती. आपल्या देशात चरकसंहितेच्या शारीरस्थानातील दुसऱ्या अध्यायात जुळ्यांचा विचार आलेला आहे. वायूमुळे बीज दुभंगले की जुळी होतात, असे तेथे सांगितले आहे. इतकेच नव्हे, तर जुळ्यांपैकी एक अधिक वाढते आणि दुसरे उणे राहते, याचीही दखल घेऊन पूर्वकर्मानुसार बीजाची वाटणी विषम झाली, असे कारण दिले आहे. निरीक्षण अचूक होते. कारण मात्र बीजाच्या वाटणीत आणि पूर्वकर्मात शोधले गेले. वार उघडून पाहण्याचे साधन त्या काळी नव्हते.

पवित्र शास्त्रातही जुळ्यांच्या कथा आहेत. रिबेकेच्या उदरात दोन लेकरे एकमेकांशी झगडली आणि पहिला एसाव तांबूस असा जन्मला, हे उत्पत्तीच्या पंचविसाव्या अध्यायात आपण वाचतो. अलीकडच्या काळात काही वैद्यांनी त्या तांबूस रंगावरून एसाव हा रक्त मिळालेला जुळा असावा, असा तर्क केला आहे. मला तो पटत नाही. एक केसाळ आणि दुसरा नितळ अंगाचा, असे हे भाऊ. ते एकाच बीजाचे असतील असे म्हणणे कठीण आहे. शिवाय शास्त्रलेखकाला तेथे दोन राष्ट्रांची कथा सांगायची आहे, वैद्यकाची नव्हे. मात्र या कथेचा एक परिणाम झाला. उदरात जुळी झगडतात, एक दुसऱ्याच्या हक्कावर हात टाकतो, ही कल्पना आपल्या मनात खोलवर रुजली. आजऱ्याच्या त्या आजीने उत्पत्तीचे पुस्तक वाचले होते की नाही, हे मला ठाऊक नाही. तिच्या बोलण्यात मात्र तीच कल्पना होती.

या दुखण्याचे एक जुने चित्र मात्र नेदरलँड्समध्ये उपलब्ध आहे. इ. स. १६१७ मध्ये आम्स्टरडॅमच्या एका नगरप्रमुखाच्या घराण्यात जुळी मुले जन्मली आणि जगली नाहीत. बाळंत्यात घट्ट गुंडाळलेल्या त्या दोन अर्भकांचे चित्र घरच्यांनी काढून घेतले. ते माउडन येथील जुन्या किल्ल्यात जतन केलेले आहे. चित्रकाराने एकाचा चेहरा लालबुंद आणि दुसऱ्याचा फिकट रंगविला. पुढे पावणेचारशेहून अधिक वर्षे त्या रंगांचा अर्थ कोणाला सांगता आला नाही. इ. स. २००० मध्ये डच डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहून दाखविले की चित्रकाराने जे समोर दिसले तेच प्रामाणिकपणे रंगविले होते. एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे गेल्याची ती खूण होती. तो मजकूर वाचताना मला काचेच्या पेट्यांतील ते दोन भाऊ आठवले. आम्स्टरडॅमच्या त्या आईलाही कोणीतरी काहीतरी ऐकविले असेलच.

तिसरे रक्ताभिसरण

युरोपात सतराव्या शतकाच्या अखेरीस हेग शहरातील स्टालपार्ट व्हान डर विल या डॉक्टराने एका वारेवरील दोन बाळांच्या वाहिन्या एकमेकींना मिळतात, हे नोंदवून ठेवले. पुढच्या शतकातील प्रसूतिशास्त्राच्या ग्रंथांत सुइणींना आणि डॉक्टरांना एक सूचना दिलेली आढळते. जुळ्यांपैकी पहिले बाळ जन्मले की नाळ कापताना आईच्या बाजूचे टोकही बांधावे. कारण वार एकच असेल तर उघड्या टोकातून आत असलेल्या दुसऱ्या बाळाचे रक्त वाहून जाईल. दोन रक्तांचा संबंध असतो हे अनुभवाने ठाऊक झाले होते, हे यावरून दिसते.

लंडनमध्ये विल्यम हंटर याने गरोदर गर्भाशयाची भव्य चित्रे असलेला ग्रंथ १७७४ साली प्रसिद्ध केला. मृत शरीराच्या रक्तवाहिन्यांत रंगीत मेण भरून तो आणि त्याचा भाऊ जॉन यांनी दाखवून दिले की आईचे रक्त आणि बाळाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. दोन्हींची अभिसरणे वेगळी असतात. या शोधानंतर जुळ्यांचे कोडे अधिकच विलक्षण झाले. जे रक्त आईच्या रक्तात मिसळत नाही, ते भावाच्या रक्तात मात्र मिसळते!

हे कोडे उलगडण्यासाठी ज्याने आयुष्य वेचले, तो जर्मनीतील रोस्टॉक विद्यापीठाचा प्राध्यापक फ्रीडरिश शात्स. १८४१ साली जन्मलेल्या या माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत एकाच वारेच्या जुळ्यांचा चिकाटीने अभ्यास केला. वारा धुवायच्या, त्यांच्या वाहिन्यांत रंग भरायचा आणि कोणता रंग कोठून कोठे जातो ते पाहायचे, असे त्याचे काम चाले. त्यातून त्याने सांगितले की प्रत्येक बाळाचे स्वतःचे एक अभिसरण असते आणि त्याखेरीज दोघांच्या मध्ये एक ‘तिसरे अभिसरण’ असते. ते समतोल असेल तर दोघे सुखी. ते एका बाजूला कलले तर एकाकडे गर्भजल वाढते आणि दुसऱ्याकडे आटते. आज आपण जे सांगतो त्याचा गाभा शात्सने शंभर वर्षांपूर्वी सांगून ठेवला होता. आई, तिचा आहार, तिचे पाप, दृष्ट, यांपैकी कशालाही त्यात स्थान नव्हते. परंतु शात्सचे हे ज्ञान वारेच्या तपासणीतून आलेले होते, आणि वार हाती येते ती बाळंतपण झाल्यावर. तोवर जे घडायचे ते घडून गेलेले असे.

कोल्हापूरच्या सुतिकागृहात

शात्सचे लेखन चालू होते त्याच काळात आपल्या करवीरनगरीत एक नवी पहाट होत होती. १८९४ साली राज्यकारभार हाती घेतलेल्या शाहू महाराजांनी रखमाबाई केळवकर यांच्याकडे स्त्रीशिक्षणाची देखरेख सोपविली. त्यांची कन्या कृष्णाबाई यांचा जन्म १८७९ चा. त्यांनी डॉक्टरीचे शिक्षण घेतले. महाराजांनी त्यांना पुढे प्रसूतिशास्त्राच्या उच्च अभ्यासासाठी विलायतेस पाठविले आणि परतल्यावर त्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांची सेवा करू लागल्या. तेच आजचे छत्रपती प्रमिलाराजे, म्हणजे आपले ‘सीपीआर’. परपुरुषापुढे नाडी धरू न देणाऱ्या बायका कृष्णाबाईंमुळे रुग्णालयाची पायरी चढू लागल्या. १९६१ साली त्यांचे निधन झाले. तिकडे मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय उभारले होते. त्यांच्या पत्नीचे नाव लाभलेले मेरी वॉन्लेस रुग्णालय कोल्हापुरात आहे. आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंचे हे ऋण या जिल्ह्यातील पुष्कळ मातांवर आहे.

तथापि प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळी एखादी जुळ्यांची आई फुगलेले पोट घेऊन या डॉक्टरांकडे आली असती, तर जगातील कोणत्याही डॉक्टराप्रमाणे त्यांच्याही हाती उपाय नव्हता. पोटावर हात ठेवून दोन डोकी चाचपावीत, नळीने दोन ठोके ऐकावेत, इतकेच शक्य होते. वार एक की दोन, पाणी कोणाकडे साचले, रक्त कोठे जाते, हे आत डोकावून पाहण्याचा मार्ग नव्हता. आपल्या जुन्या वह्यांतील ‘अशक्तपणा’ हा शब्द कोणाच्या निष्काळजीपणातून आलेला नाही. त्या वेळी त्याहून अधिक कोणाला सांगता येत नव्हते.

आत दिसू लागले

१९५८ साली ग्लासगोच्या डॉ. इयान डोनल्ड यांनी ध्वनिलहरींच्या साहाय्याने पोटातील गर्भ पाहता येतो, हे ‘लॅन्सेट’मधून जगापुढे मांडले. जहाजांच्या पोलादातील दोष शोधणाऱ्या यंत्राचा त्यांनी आरंभी उपयोग केला होता. तीच पुढे सोनोग्राफी झाली. या यंत्राने प्रथमच जुळ्यांची पिशवी, पाणी आणि पापुद्रा बाळंतपणाआधी दिसू लागला. पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत दोन पिशव्यांमधील पापुद्रा वारेला जेथे मिळतो, तेथे नीट पाहिले तर कळते. तेथे पाचरीसारखा जाड त्रिकोण दिसला तर वारा दोन. पापुद्रा पातळ असून सरळ येऊन टेकला असेल तर वार एक. पुढे महिने चढतात तशी ही खूण पुसट होत जाते.

दिसू लागल्यावर उपायांचा शोध सुरू झाला. सुईने जादा पाणी काढून टाकणे, हा पहिला उपाय. त्याने आईला उसंत मिळे, बाळंतपण थोडे लांबे. पण वाहिन्या तशाच राहत आणि पाणी पुन्हा भरे. १९८८ मध्ये अमेरिकेतील डॉ. ज्युलियन डी लिया यांनी एक धाडसी पाऊल उचलले. पेन्सिलीहून बारीक दुर्बीण गर्भाशयात घालून, दोन बाळांना जोडणाऱ्या वाहिन्या लेसर किरणाने एकेक करून त्यांनी बंद केल्या. त्यांचा वृत्तान्त १९९० साली प्रसिद्ध झाला. पुढे लंडनमध्ये इव्ह व्हिल आणि किप्रोस निकोलायडिस यांनी आईला संपूर्ण भूल न देता, पोटावरील लहानशा छिद्रातून ही शस्त्रक्रिया करण्याची रीत बसविली; तिचे निष्कर्ष १९९५ मध्ये आले. १९९९ मध्ये रुबेन किंतेरो यांनी या दुखण्याच्या पाच पायऱ्या ठरविल्या.

मग प्रश्न उरला तो कोणता उपाय खरा. युरोपातील डॉक्टरांनी १४२ मातांवर तुलना करून पाहिली. काहींचे पाणी काढले, काहींवर लेसर केला. २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. लेसर केलेल्यांपैकी शंभरातील ७६ मातांचे निदान एक बाळ अठ्ठावीस दिवसांनंतर जिवंत होते. पाणी काढलेल्यांत ते प्रमाण ५६ होते. फरक इतका स्पष्ट दिसला की ठरविलेली संख्या पुरी होण्याआधीच तुलना थांबविण्यात आली. पुढे ध्यानात आले की काही केसासारख्या वाहिन्या नजरेतून निसटतात आणि त्यांतून रक्त थेंबाथेंबाने जात राहते. म्हणून बंद केलेल्या जागा लेसरच्या एका सलग रेघेने जोडून वारेचे दोन भाग करण्याची पद्धत निघाली. २०१४ मध्ये तिचा लाभ सिद्ध झाला. या पद्धतीला ‘सॉलोमन’ म्हणतात. हे नाव ऐकताच आपल्याला शलमोन राजाचा न्याय आठवतो. त्या कथेत तलवार बाळावर उगारली होती आणि खरी आई कळवळली. येथे छेद जातो तो बाळांवरून नव्हे, वारेवरून. आणि बाळे वाचतात.

तरी सर्वच वाचत नाहीत. शस्त्रक्रियेनंतरही कधी एक जाते, कधी दोन्ही जातात. पोटात एक बाळ दगावले आणि वाहिन्या उघड्या असल्या, तर जिवंत बाळाचे रक्त क्षणात मृत भावाच्या देहाकडे ओढले जाते आणि वाचलेल्याच्या मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून डॉक्टर वेळ गाठण्यासाठी धडपडतात. हा उपचार बहुधा सोळाव्या ते सव्विसाव्या आठवड्याच्या दरम्यानच करता येतो. आपल्या देशात मुंबई, चेन्नई अशा मोठ्या शहरांतील निवडक केंद्रांत तो होतो. आजऱ्याहून किंवा चंदगडहून तेथवर पोहोचायचे तर आधी कळणे आवश्यक आहे.

दोन शंका

आपल्या कुटुंबांतून मला दोन शंका वारंवार विचारल्या जातात. पहिली अशी की गर्भावर शस्त्रक्रिया करणे ख्रिस्तसभेला मान्य आहे का? १९८७ साली रोमहून प्रसिद्ध झालेल्या ‘दोनुम विते’ या मार्गदर्शनपत्रात याचे उत्तर आहे. गर्भाच्या जीवनाचा मान राखून, त्याला अवाजवी धोक्यात न घालता, त्याला बरे करण्यासाठी केलेला उपचार योग्यच आहे. न जन्मलेले बाळ हाही एक रुग्ण आहे, हीच त्यामागची भूमिका. दोन्ही बाळांना वाचविण्यासाठी वाहिन्या बंद करणे यात मनाला टोचणी लागण्यासारखे काहीच नाही.

दुसरी शंका सोनोग्राफीबद्दलची. तिच्याविषयी भय वाटावे, असे आपल्या जिल्ह्यात घडलेही आहे. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या अवघ्या ८३९. लिंगनिदानाला बंदी करणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि देशाने १९९४ मध्ये केला असूनही यंत्राचा गैरवापर होत राहिला. अखेर २००९-१० च्या सुमारास जिल्हा प्रशासनाने सोनोग्राफी यंत्रांवर नजर ठेवणारी उपकरणे बसविली. ते पाप यंत्राचे नव्हते, माणसाचे होते. मुलगा की मुलगी हे विचारण्यासाठी त्या यंत्रापुढे जाऊ नये. परंतु जुळी आहेत असे कळताच डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा: “वार एक आहे की दोन?” तो चौदाव्या आठवड्याच्या आत विचारावा. वार एक असेल, तर सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला तपासणी करावी. पोट एकाएकी फुगले, धाप लागू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

घरातील वडीलधाऱ्यांनीही एक पथ्य पाळावे. जुळ्यांपैकी एखादे दगावले तर सुनेच्या ताटात काय होते याची चौकशी करू नये. मागे राहिलेल्या लेकराला ‘भावाला खाल्लेला’ असे कधीही, चेष्टेतसुद्धा म्हणू नये. असे बोल लहानपणी ऐकलेली माणसे पन्नाशीतही ते विसरलेली नसतात, हे मी पापनिवेदनाच्या पलीकडे, साध्या गप्पांतही ऐकले आहे. आपल्या श्रद्धेचा एक थोर प्रेषित जुळाच होता. थोमा या नावाचा अर्थच जुळा आणि दिदुमचाही तोच. त्याच्यासोबत जन्मलेल्याचे नाव शुभवर्तमानात नाही. म्हणून थोमाला कोणी दोष दिल्याचेही कोठे वाचनात येत नाही.

आजऱ्याकडचा तो बारका आता मोठा झाला आहे. काही वर्षांपूर्वी मी त्या घरी पुन्हा गेलो होतो. आजी आता नाहीत. त्याच्या आईला मी शेजारी बसविले आणि एका कागदावर वार काढून दाखविली. दोन नाळा, दोन बाळे आणि मधून एकीकडे जाणारी ती वाहिनी. “हे तुझ्या खाण्याने झाले नव्हते, पोरी. मोठ्यानेही काही घेतले नव्हते. त्याच्याकडे ते वाहत गेले आणि त्याला ते झेपले नाही.” ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग तिने आतून मुलाला हाक मारली आणि म्हणाली, “फादर, त्यालाही सांगा.” मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले.